सातव्या मजल्यावरचा डबा

लाइट गेली की माणसं काय करतात? मेणबत्ती शोधतात, मग गॅलरीत येऊन इतरांचीही गेली आहे ना हे बघतात, आणि समोरच्या बिल्डिंगीतही अंधार आहे म्हटल्यावर निश्चिंत होऊन आत जातात. माझं तसं नाही. लाइट गेली की मला आनंद होतो. तो मी चेहऱ्यावर दाखवत नाही, पण बायकोला कळतो. ‘‘आला यांचा सण,’’ असं ती स्वयंपाकघरातून म्हणते, आणि मी पॅसेजमधल्या इन्व्हर्टरसमोर हाताची घडी घालून उभा राहतो. तिथे उभं राहून करण्यासारखं काहीच नसतं. हिरवा दिवा जाऊन पिवळा लागलेला असतो आणि यंत्र आपलं आपण गुणगुणत असतं. पण घरातल्या कर्त्या पुरुषाला कुठेतरी उभं राहायला जागा लागते. मला ती तिथे मिळाली आहे.

हे वेड मला टिटवाळ्याने लावलं. माझं लहानपण ठाण्याला वर्तकनगरच्या वसाहतीत गेलं. तिथे लाइट गेली तर ती बातमी असायची. टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं तेव्हा बिल्डरने आम्हाला मोकळी हवा सांगितली, गणपतीचं देऊळ सांगितलं, समोरून होणारा रस्ता सांगितला. विजेचा विषय त्याने काढला नाही आणि आम्हालाही सुचला नाही. राहायला आल्यावर कळलं की शहाडला जरा वारा सुटला की आमच्याकडे अंधार होतो. याला काही शास्त्रीय आधार नाही. पण मी कॉमर्सचा माणूस आहे, आयुष्यभर एका खाजगी कंपनीत हिशेब लिहिले, मला शास्त्रीय आधाराशिवाय बोलायला अवघड जात नाही.

सुरुवात मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरपासून झाली. घरात इन्व्हर्टर होताच. पण लाइट गेली हे इन्व्हर्टरला समजायला डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ लागतो. पंख्याला त्याचं काही वाटत नाही. कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात मान टाकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून कॉम्प्युटरसाठी वेगळा यूपीएस आणला. तो दमला म्हणून दुसरा, मोठा आणला. आता जुना टाकून द्यायचा की नाही? आमच्या पिढीत वस्तू टाकून देत नाहीत, तिला नवीन काम देतात. मी जुन्यात नवी बॅटरी घातली आणि तो वायफायच्या राउटरला लावून दिला. लोक कॉम्प्युटरचं बघतात आणि राउटरला विसरतात, मी विसरलो नाही, हे मी भेटेल त्याला सांगायचो. भेटणारे हळूहळू कमी झाले.

पुढे मुलगी शिकली, नोकरीला बंगळुरूला गेली. मी निवृत्त झालो. कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला. त्यावर मी काय करत होतो, हे सांगायला लाज वाटते, पण आता सांगायलाच बसलो आहे तर सांगतो. मी पत्ते खेळत होतो. एकट्याने खेळायचे ते. अर्ध्या टिटवाळ्यात अंधार, लिफ्ट बंद, खाली दूधवाला चाचपडतोय, आणि मी दोन यूपीएस आणि एका इन्व्हर्टरच्या बंदोबस्तात काळ्या अठ्ठीवर लाल सत्ती ठेवतोय. स्वयंपाकघर या बंदोबस्तात नव्हतं. लोड वाढतो, असं माझं म्हणणं होतं. एकदा बायको पिठाच्या हातानेच बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘तुमचे पत्ते उजेडात आणि माझी पोळी अंधारात. वा!’’ मी त्याच आठवड्यात ओट्यावर एक दिवा जोडून दिला. तो एवढा मिणमिणता होता की पोळी भाजली की करपली हे वासावरूनच कळायचं.

घरातल्या प्रत्येक बोर्डावर मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ‘हे बटण बंद करू नये.’ ‘येथे इस्त्री लावू नये.’ ‘येथे काहीच लावू नये.’ पाहुणे मोबाइल चार्ज करायला जागा शोधत घरभर फिरायचे आणि शेवटी विचारायचे, ‘‘नक्की कुठे लावू?’’ मग मी त्यांना बाथरूमच्या बाहेरचा बोर्ड दाखवायचो.

एका संकष्टीला बायकोचा चुलतभाऊ डोंबिवलीहून गणपतीच्या दर्शनाला आला होता. रांगेत उन्हाचा तासभर उभा राहून घरी आला आणि आल्या आल्या पॅसेजमधली बाटली उचलून घटाघटा प्यायला. ते बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर होतं. मी सोयीसाठी ते साध्या बाटलीत काढून ठेवलं होतं. तो प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘‘ताई, टिटवाळ्याच्या पाण्याला काही चवच नाही गं.’’ मी बाटली हळूच उचलून आत ठेवली. नंतर कुठे कुठे विचारून घेतलं, त्याने काही होत नाही म्हणे. तो अजून ठणठणीत आहे, पण आमच्याकडे आला की स्वतःचं पाणी घेऊन येतो.

तर असा मी. या सगळ्या लवाजम्याचा कुणाला काही उपयोग होईल अशी वेळ कधी आलीच नव्हती. ती बायकोमुळे आली.

बायको लग्नाच्या आधीपासून ठाण्याला एका विमा कंपनीच्या ऑफिसात होती. कामाला पक्की, साहेबांना लागायची ती फाइल न शोधता काढून देणारी. मग माझी आई अंथरुणाला खिळली. काही दिवस रजा काढल्या, काही दिवस बाई ठेवून पाहिली, बाई आईला आवडेना आणि आई बाईला. शेवटी बायकोने नोकरी सोडली. सोडताना घरात चर्चा झाली की नाही, हे मला आठवत नाही, म्हणजे झाली नसणार. आई बरीच वर्षं तशीच होती. मग गेली. त्यानंतर घर एवढं शांत झालं की बायको दुपारी उगीचच डबे घासायला काढायची.

एक दिवस तिच्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. विम्याचे दावे बघणारी कुठली तरी एक कंपनी होती, तिला घरून काम करणारी माणसं हवी होती. पेशंटच्या घरच्यांचे फोन घ्यायचे, कागद समजावून सांगायचे. वय चालत होतं, मराठी आणि हिंदी बोलता यायला हवी होती, इंग्रजी कामापुरती. मुलाखत व्हिडिओवर होणार होती. बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘बघू का करून?’’

तिचा तो आवाज मला आवडला नाही. म्हणजे, तो परवानगी मागितल्यासारखा होता, आणि तिने मला आयुष्यात कधी परवानगी मागितली नव्हती. कंपनीवाले तिला नाही म्हणाले तर काय, याची भीती त्यात होती. मी म्हटलं, ‘‘अगं, बघू काय? करायचं.’’ आणि पुढचं वाक्य, मला क्षमा करा, असं होतं: ‘‘बॅकअपचं माझ्याकडे लागलं.’’

मुलाखत बुधवारी सकाळी होती. दुरुस्तीसाठी मंगळवारी लाइट जाणार, असा मेसेज वीजवाल्यांकडून येऊन पडला होता, त्यामुळे बुधवार सुरक्षित होता. तरी मी गाफील राहिलो नाही. सोमवारी रंगीत तालीम घेतली. घरात कुणाला पत्ता लागू न देता मेन स्विच खाली पाडला. कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. राउटरचे दिवे लुकलुकत राहिले. मी बंगळुरूला मुलीला व्हिडिओ कॉल लावला, ती स्वच्छ दिसली, स्वच्छ ऐकू आली. ‘‘बाबा, मी मीटिंगमध्ये आहे,’’ असं म्हणाली ते अगदी स्पष्ट कळलं. मी विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेलो. तिथे बायको मिक्सरमध्ये अर्धवट वाटलेल्या इडलीच्या पिठाकडे बघत उभी होती.

‘‘लाइट तुम्ही घालवलीत?’’

‘‘तालीम.’’

‘‘माझं पीठ काढा आता त्यातून. तुमच्या तालमीला इडल्या देते खायला.’’

मंगळवारी, मेसेजप्रमाणे जी लाइट जायची होती, ती गेलीच नाही. शहाण्या माणसाला तिथेच शंका आली असती.

बुधवारी सकाळी मी टीव्ही बंद केला, पंखे बंद केले, ओट्यावरचा तो मिणमिणता दिवासुद्धा काढला. इन्व्हर्टरचा सगळा जोर कॉम्प्युटरसाठी राखून ठेवला. बायको साडी नेसून खुर्चीवर बसली. पडद्यावर फक्त खांद्यापर्यंत दिसणार, खाली गाऊन चालेल, असं मुलीने फोनवर सुचवून पाहिलं होतं. ‘‘नेसायची तर सगळी नेसते,’’ असं म्हणून तिने तो विषय संपवला. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी पंखा लावू का म्हणून विचारलं, आणि विचारताना माझा चेहरा असा झाला असावा की ती म्हणाली, ‘‘राहू दे. तुमच्या जिवाला लागेल.’’

मी दाराबाहेर उभा राहिलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. मुलाखत घेणारी बाई पुण्याकडची वाटत होती, आवाजावरून आमच्या मुलीपेक्षा फार मोठी नसावी. तिने आधीच्या नोकरीचं विचारलं, बायकोने सांगितलं. एक अवघड दावा कसा सोडवला होता त्याचं विचारलं, बायकोने तेही सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा आवाज मोकळा झाला. ऑफिसातून घरी आल्यावर ती पूर्वी अशी बोलायची. मग त्या बाईने विचारलं, ‘‘यानंतर मध्ये बराच काळ दिसतोय. तेव्हा तुम्ही काय करत होतात?’’

‘‘घरी,’’ बायको म्हणाली, ‘‘घरी एक...’’

आणि लाइट गेली.

लिफ्ट कुठेतरी मध्येच अडकल्याचा आवाज आला. माझा यूपीएस एकदा पीक करून ओरडला आणि कॉम्प्युटर, माझा कॉम्प्युटर, ढिम्म हलला नाही. मी दाराबाहेर मूठ आवळली. पुढचं वाक्य ऐकायला कान लावला. आतून काहीच आलं नाही. मग बायकोचा आवाज आला, ‘‘हॅलो? मॅडम? येतोय का आवाज?’’

मी आत गेलो. पडदा लख्ख होता. त्यावर ती पुण्याची बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजली होती. राउटरचे सगळे दिवे हिरवे होते, एक सोडून. तो लाल होता.

‘‘नेट गेलंय,’’ बायको म्हणाली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत राहिली. एखादी गोष्ट आपल्याला मिळणार नव्हतीच, हे आधीपासून माहीत असलेलं माणूस बसतं तसं.

मोबाइलचं नेट आमच्याकडे गॅलरीच्या कोपऱ्यात मिळतं, आणि तेही लाइट असताना. फोन मात्र लागतो. मी नेटवाल्याला फोन लावला. तो इथलाच, गावातला. गेली काही वर्षं मी त्याच्याशी चढ्या आवाजातच बोलत आलो आहे.

‘‘अरे, माझ्याकडे सगळं चालू आहे आणि तुझं नेट बंद!’’

‘‘काका, लाईट नाय ना तुमच्याकडं. मग डबा कसा चालंल?’’

‘‘कुठला डबा? माझा राउटर यूपीएसवर आहे!’’

‘‘तुमचा नाय वो. बिल्डिंगीचा डबा. सातव्यावर हाय, काकूंच्या दारावर. त्यांच्याच घरातनं लाईट घेतलीय त्याला.’’

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. म्हणजे बिल्डिंगभर नेट वाटणारा डबा सातव्या मजल्यावर होता, आणि त्याची पिन कुणाच्या तरी घरात होती. मी तालीम घेतली तेव्हा अंधार फक्त माझ्या घरात केला होता. बाकी बिल्डिंगीत लाइट होती, सातव्या मजल्यावरही होती, म्हणून मुलगी एवढी स्वच्छ दिसली. मी मांडव घालून, वाजंत्री लावून, चुकीच्या घरचं लग्न लावलं होतं.

पण त्या क्षणी एवढा विचार करायला वेळ नव्हता. मी राउटरची पिन काढून इन्व्हर्टरच्या बोर्डात खुपसली. जुना यूपीएस उचलला. ‘‘मी वर काकूंकडे जातो,’’ बायकोला म्हटलं, ‘‘तू तिथून उठू नकोस.’’

यूपीएस दिसायला लहान असतो. दुसऱ्या मजल्यावरून सातव्या मजल्यावर जिन्याने नेताना तो लहान राहत नाही. चौथ्या मजल्यावर मला दम लागला. पाचव्यावर गुडघ्याने आपलं मत सांगितलं. सातव्यावर पोचलो तेव्हा मी बेल वाजवली. लाइट नाही हे लक्षात यायला मला, बॅकअपच्या तज्ज्ञाला, तीनदा बटण दाबावं लागलं. मग कडी वाजवली.

सातव्या मजल्यावरच्या काकू निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. एकट्या राहतात, आणि स्वतःपेक्षा लहान असलेल्या सगळ्यांना अरे-तुरे करतात. त्यांनी दाराची साखळी न काढता फटीतून पाहिलं. समोर एक घामाघूम गृहस्थ, हातात लोखंडी पेटी.

‘‘काय रे, काय झालं? घर सोडलंस का?’’

मी धापा टाकत सांगितलं. डबा त्यांच्या दाराच्या वर होता, रोज येता-जाता दिसेल असा. त्याची वायर झरोक्यातून आत, चपलांच्या कपाटावरच्या बोर्डात. डबा लावू दिल्याबद्दल नेटवाला त्यांना फुकट चॅनेल देत होता.

‘‘हे बटण तर बंद आहे,’’ मी म्हटलं.

‘‘मग? लाइट गेली की मी घरातली सगळी बटणं बंद करते. येताना झटका देऊन येते. आमच्या ह्यांनी हौसेने आणलेला टीव्ही तसाच गेला. लाइट आली की चहा करते, आणि मग एकेक चालू करते.’’

लाइट आल्यावरसुद्धा नेट यायला इतका वेळ का लागतो, यावरून मी नेटवाल्याला किती बोललो असेन! त्या सगळ्या वेळात काकू चहा पीत होत्या.

डब्याची वायर आखूड होती. यूपीएस जमिनीवर ठेवला तर पोचेना, कपाटावर ठेवला तर तिथे चपला ओवळ्या म्हणून काकू ठेवू देईनात. शेवटी त्यांनी माळ्यावरचं काढायला वापरतात ते उंच स्टूल आणून दिलं. मी त्यावर बसलो आणि यूपीएस मांडीवर घेतला. पिन सैल होती, ती बोटाने दाबून धरली की डबा चालायचा, सोडली की मालवायचा. म्हणून मी, लेकराला घेऊन बसावं तसा, एक हात यूपीएसखाली आणि एक बोट पिनेवर ठेवून बसून राहिलो. दाराच्या वर हिरवे दिवे लागले. यूपीएस दर थोड्या वेळाने पीक पीक करू लागला.

‘‘रडतंय का ते?’’ काकूंनी विचारलं.

‘‘नाही, बॅटरीवर आहे म्हणून सांगतंय.’’

‘‘माहीत आहे म्हणावं आम्हाला.’’

खाली काय चाललंय ते मला कळायला मार्ग नव्हता. नेट परत आलं का, ती बाई परत आली का, का कंटाळून पुढच्या उमेदवाराकडे वळली. फोन करावा तर हात मोकळा नाही, आणि हात मोकळा असता तरी मुलाखतीच्या मध्ये फोन वाजवणारा नवरा कुणाला हवा असतो? मी आयुष्यभर यंत्रं विकत घेत आलो ती अशासाठी की त्यांच्याकडे बघत बसावं लागू नये. आणि आता मीच त्यांचा एक भाग झालो होतो, सगळ्यात जास्त गरम होणारा.

काकूंनी कोकम सरबत करून आणलं. माझे हात अडकलेले पाहून त्यांनी पेला माझ्या तोंडाला लावला. सासरे वारले तेव्हापासून मला असं कुणी काही पाजलं नव्हतं. त्या वेळी मला भोवळ आली होती. मग त्यांनी समोर खुर्ची ओढली आणि बसल्या.

‘‘बरं झालं पण, तिने मनावर घेतलं ते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुझी आई होती ना, तेव्हा ती यायची इथे. आई दुपारी झोपली की. याच खुर्चीवर बसायची.’’

‘‘इथे? काय बोलायची?’’

‘‘काही नाही रे. मीही विचारलं नाही कधी. चहा घ्यायची, पंख्याखाली जरा डोळे मिटून बसायची, आणि खाली जायची. कधी कधी लाइट नसायची, तरी यायची.’’

मला हे माहीत नव्हतं. त्या सगळ्या वर्षांत मी ऑफिसातून फोन करायचो, ‘‘सगळं ठीक ना?’’ म्हणून विचारायचो, आणि ती ‘‘ठीक’’ म्हणायची. मी फोन ठेवायचो. काकूंसमोर त्या स्टुलावर मला एकदम इतकं वाईट वाटलं की पिनेवरचं बोट सैल झालं, वरचे दिवे लुकलुकले, आणि मी घाबरून पुन्हा दाबलं. रडायचं असेल तर नंतर रड, असं मी स्वतःला बजावलं, आता दाबून धर.

मग लाइट आली. लिफ्ट घरघरली, जिन्यातला दिवा लागला. काकू लगबगीने उठून बोर्डाकडे आल्या.

‘‘काढ ते. झटका बसेल.’’

‘‘काकू, पाया पडतो, हात लावू नका.’’

‘‘अरे, लाइट आली ना!’’

‘‘ती जाईल परत. मी ओळखतो तिला.’’

यावर त्यांनी माझ्याकडे, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या. मी तसाच बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. हाताला मुंग्या आल्या होत्या. लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला आणि उंबऱ्यात बायको उभी राहिली. साडीतच, कपाळावरचा घाम तसाच.

तिने मला पाहिलं. स्टूल, मांडीवरची पेटी, पिनेवरचं बोट. आणि ती हसायला लागली. दाराच्या चौकटीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी तिला असं हसताना शेवटचं केव्हा पाहिलं होतं?

‘‘अहो, झालं. सोडा आता ते. कधीच झालं.’’

‘‘ती बाई परत आली?’’

‘‘आली. नेट आल्या आल्या तिनेच परत कॉल लावला. आधी म्हणाली, सॉरी, तुमच्या एरियात पॉवरचा प्रॉब्लेम दिसतोय, घरी बॅकअप आहे का तुमच्याकडे? मी म्हटलं, आहे ना. तर म्हणते, कुठला आहे?’’

‘‘मग? सांगितलंस ना, इन्व्हर्टर केवढा, यूपीएस...’’

‘‘मी म्हटलं, ते आत्ता जिन्याने वर गेलेत.’’

काकू चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्या थांबून हसल्या. मीही हसलो, पण मला ते जरा जास्तच लागलं, चांगल्या अर्थाने. लिफ्टमधून खाली येताना मी तिला विचारलं, ‘‘आणि ते मधल्या वर्षांचं? काय सांगितलंस?’’

‘‘खरं ते सांगितलं. सासूबाई आजारी होत्या, त्यांचं सगळं करत होते. ती म्हणाली, मग तुम्हाला चिडलेल्या माणसांशी बोलायची सवय असेल. मी म्हटलं, आहे, दोन माणसांची.’’

दुसरं माणूस कोण, हे मी विचारलं नाही.

नोकरी तिला मिळाली. कळवायला त्यांनी बरेच दिवस लावले, आणि त्या दिवसांत ती फोन घेऊन बाथरूममध्येसुद्धा जायची. कळलं तेव्हा तिने आधी मुलीला सांगितलं, मग वर जाऊन काकूंना, आणि खाली येऊन मला. हा क्रम मला बरोबर वाटला.

जुना यूपीएस मी काकूंकडेच कायमचा ठेवला. वायर लांब करून घेतली, पिन नवी बसवली, आणि त्यावर लाल शाईने चिठ्ठी लावली. काकूंनी चिठ्ठीतली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि बाकीची सगळी बटणं बंद करायचा आपला हक्क राखून ठेवला.

मग कुरियरने कंपनीचा लॅपटॉप आला. त्याच्या पोटातच बॅटरी होती, दिवसभर पुरेल अशी. मी तो उलटसुलट करून पाहिला. त्याला माझा कॉम्प्युटर नको होता, कॉम्प्युटरचा यूपीएस नको होता, काळजी करणारा माणूस तर नकोच होता. बायकोने आईच्या खोलीत खिडकीशी टेबल लावलं आणि कानाला हेडफोन लावून कामाला बसली. मी रोज तिच्या दारावरून दोन-चार चकरा मारायचो. काही लागलं तर असावं म्हणून.

एका दुपारी लाइट गेली. फ्रिज थांबला, लिफ्ट थांबली, मी सवयीने उठून पॅसेजमध्ये गेलो. पिवळा दिवा लागला होता. आतून बायकोचा आवाज येत होता, तिला लाइट गेल्याचं कळलंही नव्हतं. पलीकडे कोणी म्हातारे गृहस्थ असावेत, त्यांची बायको हॉस्पिटलात असावी.

‘‘नाही काका, घाबरू नका. नसेल कागद सापडत तर राहू दे आत्ता. आपण शोधू. तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का? नाही ना? मग आधी जरा पाणी प्या. मी फोन ठेवत नाहीये. मी आहे इथेच.’’

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. याच खोलीत, कित्येक दुपारी, आईशी ती याच आवाजात बोलत असणार. तेव्हा मी ठाण्याला हिशेब लिहीत होतो, आणि संध्याकाळी घरी यायचो तेव्हा आई शांत झोपलेली असायची. मला वाटायचं, ती आपली आपण झोपते.

आत ती बोलत राहिली, मी ऐकत राहिलो. लाइट केव्हा परत आली ते मला कळलं नाही.